अहवाल निगेटिव्ह आला, तरी भीती का जात नाही?

प्रश्न : मी 31 वर्षांचा अविवाहित पुरुष आहे. सात महिन्यांपूर्वी एका अनोळखी स्त्रीशी माझा कंडोमशिवाय शरीरसंबंध आला. त्यानंतर सात आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिने उलटून गेल्यावर मी प्रयोगशाळेत एचआयव्हीची चौथ्या पिढीची चाचणी केली. दोन्ही वेळा अहवाल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, म्हणजे निगेटिव्ह आला. त्या घटनेनंतर माझा कोणाशीही संबंध आलेला नाही आणि मी कोणतेही प्रतिबंधक औषध घेतलेले नाही. तरीही मनाला चैन नाही. अधूनमधून मी नव्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त देतो. पहिल्या अहवालात 0.11 असा आकडा होता, अलीकडच्या एकात तो 0.24 झाला, तेव्हापासून तर झोपच उडाली आहे. मानेतल्या गाठी हाताला लागतात, जीभ पांढरी दिसते, रात्री घाम येतो, वजनही थोडे उतरले आहे. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का? माझ्या शरीरात प्रतिपिंडेच (विषाणूविरुद्ध तयार होणाऱ्या अँटीबॉडीज) तयार होत नसतील का? जे काही खरे असेल ते मला स्पष्ट सांगा.

उत्तर : त्या संबंधातून तुम्हाला एचआयव्हीचा संसर्ग झालेला नाही. केवळ धीर द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही कळवलेला कालावधी आणि चाचणीचा प्रकार यांवरून निघणारा हा वैद्यकीय निष्कर्ष आहे.

विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबरच विषाणूचे पी-24 हे प्रथिनही शोधते आणि हे प्रथिन प्रतिपिंडांच्या आधी रक्तात येते. त्यामुळे शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेली ही चाचणी संसर्ग झाला असल्यास साधारण 18 ते 45 दिवसांत तो दाखवते. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांसाठी 90 दिवसांपर्यंत थांबावे लागते. तुम्ही या दोन्ही मुदती ओलांडल्या आहेत. संसर्ग टाळण्यासाठी 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावयाची औषधे घेतली असती, तर हा हिशेब ती संपल्यानंतर करावा लागला असता. तुमच्या बाबतीत तोही प्रश्न नाही.

आता त्या आकड्याविषयी, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. 0.11 किंवा 0.24 हे रक्तातील विषाणूंचे प्रमाण नव्हे. यंत्राला मिळालेला संकेत ठरवून दिलेल्या मर्यादेच्या किती पट आहे, एवढेच तो आकडा सांगतो आणि बहुतेक यंत्रांवर 1.00 च्या खालचा प्रत्येक आकडा ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ मानला जातो. निरोगी माणसाचे तेच रक्त पुन्हा तपासले किंवा दुसऱ्या यंत्रावर तपासले, तरी या मर्यादेखाली आकडा वरखाली होतोच. 0.24 म्हणजे 0.11 पेक्षा ‘जास्त पॉझिटिव्ह’ असे काही नसते. अदलाबदलीची शंकाही टिकत नाही, कारण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत प्रत्येक वेळी नेमका तुमचाच नमुना बदलला जावा आणि तोही एकाच दिशेने, हे घडणे नाही. प्रतिपिंडेच तयार न होण्याचे प्रकार अत्यंत दुर्मीळ असून ते आधीच गंभीर रोगप्रतिकारदोष असलेल्या रुग्णांत आढळतात.

लक्षणांचेही तसेच आहे. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काळात ताप, घसादुखी, पुरळ, सुजलेल्या लसिकाग्रंथी ही लक्षणे दिसू शकतात, पण ती बहुधा संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत येतात आणि काही दिवसांत ओसरतात. आज, सात महिन्यांनी, तुम्हाला जे जाणवते आहे ते एचआयव्हीमुळे असते, तर चाचणीने ते केव्हाच दाखवले असते. मानेतल्या गाठींबद्दल मला तुम्हालाच विचारायचे आहे : जबड्याखाली बोटे दाबून तुम्ही त्या दिवसातून किती वेळा चाचपता? निरोगी माणसाच्या मानेतही लहान ग्रंथी हाताला लागू शकतात आणि त्या पुनःपुन्हा दाबल्या की दुखू लागतात. मग ते दुखणेच नवा पुरावा वाटू लागते. घाम, उडालेली झोप, मंदावलेली भूक आणि त्यातून उतरणारे वजन, हे सारे सततच्या चिंतेमुळेही होते. तरीही वजन कमी होतच राहिले किंवा ताप रेंगाळला, तर फिजिशियनला एकदा दाखवा. मात्र तिथे एचआयव्हीची चाचणी मागू नका. त्या संबंधाच्या संदर्भात सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या केल्या नसतील, तर त्या तेवढ्या करून घ्या.

इतके सगळे पटले तरी भीती जाईल का? बहुधा दोन-तीन दिवस जाईल आणि परत येईल. तुमच्या आजाराचे खरे स्वरूप हेच आहे. शंका येते, ती सहन होत नाही, तुम्ही रक्त देता, अहवाल हाती पडला की हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यातून मन एवढेच शिकते की शंका आली की चाचणी केल्याशिवाय सुटका नाही. पुढची शंका त्यामुळे अधिक जोर धरते. इंटरनेटवर लक्षणे शोधणे, आरशात जीभ पाहणे, जुना अहवाल काढून त्यावरचे नाव आणि तारीख पुन्हा ताडून पाहणे, या सर्व कृती त्याच साखळीतल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या आरोग्यविषयक भीतीची नोंद मंत्रचळ (नको असलेले विचार आणि त्यांपायी पुनःपुन्हा केल्या जाणाऱ्या कृती, म्हणजे ओसीडी) आणि तत्सम विकारांच्या गटात आहे आणि तुमचे पत्र वाचताना ती नोंद मला अगदी योग्य वाटते.

म्हणून आजपासून नवी चाचणी नाही. गाठी चाचपण्याची किंवा काही शोधण्याची ऊर्मी आली की आधी ती अर्धा तास पुढे ढकला. तेवढ्या वेळात अस्वस्थता वाढेल, मग काहीही न करता तिचा जोर ओसरू लागेल आणि हा अनुभव तुमच्या शरीराला यायला हवा. हळूहळू हे अंतर वाढवा. ज्यांना ते एकट्याने जमत नाही, आणि पुष्कळांना जमत नाही, त्यांच्यासाठी बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, सीबीटी) परिणामकारक आहेत. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ नैराश्य व चिंतेवरील औषधेही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. तरी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मला पत्रात सगळीकडे जाणवते. आपल्या हातून चूक घडली, तेव्हा शिक्षा मिळायलाच हवी, असे तुम्ही कुठेतरी ठरवून टाकले आहे आणि म्हणून निर्दोष ठरवणारा कागद तुम्हाला खोटा वाटतो. एचआयव्ही ही कोणालाही दिलेली शिक्षा नाही. ज्यांना संसर्ग आहे तेही वेळेवर उपचार घेऊन जवळपास इतरांइतके आयुष्य जगतात. उपचारांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एकाच जोडीदाराला एचआयव्ही असलेल्या जोडप्यांवर झालेल्या आणि 2016 व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत असा एकही संसर्ग आढळला नाही. त्या रात्रीबद्दल पश्चात्ताप वाटत असेल, तर तो समुपदेशकाजवळ बोला. रक्ततपासणी त्यावर उत्तर देऊ शकणार नाही.

प्रश्न : माझ्या पतींचे अहवाल मुदत उलटल्यानंतरही निगेटिव्ह आहेत, तरी ते रोज मला विचारतात, “मला काही झालेले नाही ना?” मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : तुम्ही प्रेमाने दिलेला प्रत्येक “नाही हो, काही झालेले नाही” हा दिलासासुद्धा त्यांच्यासाठी आणखी एक चाचणीच ठरतो. ते शांत असतील अशा वेळी दोघांनी बसून ठरवा की या प्रश्नाचे उत्तर यापुढे तुम्ही देणार नाही. मग प्रश्न आला की सौम्यपणे म्हणा, “तुम्हाला आत्ता भीती वाटते आहे, हे मला कळते. उत्तर मी देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते.” पहिले काही दिवस ते चिडतील, कदाचित तुम्हाला निष्ठुरही म्हणतील, तरी ठरलेले मोडू नका आणि वाद घालू नका. मात्र जगणे नकोसे झाल्याची भाषा त्यांच्या तोंडी आली, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.