लग्नासाठी जेल नेल्स करायचे आहेत. सलून स्वच्छ आणि सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

दर, फोटो आणि रिव्ह्यू बघून तर अजिबात ओळखू नका. मी रुग्णालयात, ऑपरेशनची उपकरणं निर्जंतुक करतात त्या विभागात काम करते. याच विषयावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या वाढदिवसाला जाऊबाई त्यांना मॉलमधल्या एका महागड्या सलूनमध्ये पेडिक्युअरला घेऊन गेल्या. मी म्हटलं होतं, करायचंच असेल तर आपल्या गल्लीतल्या ताईंकडे करू, त्या माझ्या ओळखीच्या आहेत, सांगितलं तसं करतात. जाऊबाई म्हणाल्या, "तिथे काय, बादलीत पाय बुडवून बसायचं!" सलूनमध्ये फिरत्या पाण्याची खुर्ची होती, टबात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. आई खूश होऊन घरी आल्या.

काही दिवसांत त्यांच्या अंगठ्याच्या कडेला ठणका लागला. नखुरडं झालं, पू भरला. डॉक्टरांना चिरा द्यावा लागला, शुगर वर गेली, आणि रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. जाऊबाईंचं एकच म्हणणं: "आईंची शुगरच वाढलेली होती. एवढ्या मोठ्या ठिकाणी असं होत नाही."

मी आईंना नीट विचारलं. त्या मुलीने नखाच्या मुळाशी असलेली कातडी कटरने कापली होती. रक्त आलं तेव्हा कापूस दाबून पुढचं बोट घेतलं. कटर कुठून काढला? निळा दिवा असलेल्या पेटीतून.

ती पेटी कटर ठेवायला ठीक आहे, पण तिच्यात काहीही निर्जंतुक होत नाही. प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर पडतो. कटरच्या बिजागरीत, पात्याच्या आतल्या बाजूला पोचत नाही, आणि तिथेच आधीच्या बाईचं रक्त-कातडी अडकलेली असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो. डेटॉलच्या बोळ्याने पुसून तो जाईल या भरवशावर राहू नका. धातूची उपकरणं आधी घासून धुवायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर, दाबाखाली, निदान 15 मिनिटं ठेवायची. पाकिटात बंद असतील तर त्याहून जास्त. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो आणि ते तुमच्या समोर फोडलं जातं. सलूनमध्ये शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. उत्तर देताना चाचरले तर उठून या.

आणि बादलीचं म्हणाल तर बादलीच बरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात 2000 साली एकाच नेल सलूनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली होती. पाणी फिरवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केस आणि मळ साठला होता, त्यात क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू वाढला होता. पायांवरून आधी वस्तरा फिरवलेल्या बायकांना धोका जास्त होता, म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पायांचे केस काढू नका. बादलीला जाळी नसते, पाइप नसतो. ती घासता येते, आत प्लास्टिकची पिशवी घालून प्रत्येकीनंतर फेकता येते. आमच्या गल्लीतल्या ताई हे करतात.

त्यांच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही, हेही खरं. म्हणून मी माझा कटर, पुशर (कातडी मागे सारायची पट्टी) आणि फाइल घरून नेते. फाइल, बफर, पायाचा दगड या सच्छिद्र वस्तू निर्जंतुक करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. त्या एकीसाठी एकच हव्यात. आणि शुगरने जखम चिघळते, हेही मान्य. पण शुगरने कातडी कापली नाही. मधुमेह असलेल्या, पायाला बधिरपणा असलेल्या माणसाला सलूनमध्ये नेऊच नये, नखं घरी सरळ कापावीत किंवा डॉक्टरांकडून कापून घ्यावीत, असं मी आजही म्हणते. जाऊबाईंना ते आजही पटत नाही.

तुमच्या जेलविषयी: क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापू देऊ नका, फक्त मागे सारायला सांगा. ती कातडी नखाच्या फटीतून जंतू आत जाऊ देत नाही. जेल कातडीला लागलं तर लगेच पुसायला लावा, जेल सुकवायच्या दिव्याखाली तसंच सुकू देऊ नका. त्यातल्या अॅक्रिलेट या रसायनाची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढे दात भरायच्या काही साहित्याचाही त्रास होऊ शकतो. नखाभोवती आधीच चीर, खाज किंवा बुरशी असेल तर जेल करूच नका. दिव्याच्या अतिनील किरणांसाठी हाताला सनस्क्रीन लावा किंवा बोटं उघडी असलेले हातमोजे घाला. आणि हे सगळं लग्नाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करून घ्या. जेल तेवढं सहज टिकतं, आणि बोट सुजलंच तर डॉक्टरांकडे जायला वेळ मिळतो.