स्क्वॉट १५० वर गेला, स्नॅच ७५ वरच अडकलाय. रोज मॅक्स मारू का?

तू दिलेले आकडे पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय १९, बॅक स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठक) १५० किलो, क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १००, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आठ महिने ७५ वरच. स्पर्धा बारा आठवड्यांवर. मोबाइलवर बल्गेरियन पद्धत, म्हणजे रोज मॅक्सपर्यंत (जास्तीत जास्त वजनापर्यंत) उचलायचं, पाहिलीस आणि विचारतोयस, रोज मॅक्स मारू का? माझ्या व्यायामशाळेतली पोरं तुझ्याच वयाची आहेत, म्हणून एकेरीतच लिहितो.

नको मारू.

स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के असावा आणि क्लीन अँड जर्क बॅक स्क्वॉटच्या साधारण ८० टक्के. हा ढोबळ हिशेब आहे, पण दुखणं कुठे आहे ते दाखवतो. तुझ्या पायांत १२० ची ताकद आहे आणि जर्क १०० वर थांबलाय. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात सोनं घेतलं, तेव्हा तिचा स्नॅच ७० आणि क्लीन अँड जर्क ८३ होता. म्हणजे ८४ टक्के. तुझे ७५ टक्के होतात. तुझे पाय कमी पडत नाहीयेत, पायांतली ताकद बारपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी स्क्वॉट १६० केलास तरी स्नॅच जागचा हलणार नाही.

आज एक गोष्ट करून बघ. प्लॅटफॉर्मवर उभा राहा आणि चवड्यांच्या पुढे, बोटांना लागून खडूने रेघ ओढ. ५५ किलोचे दहा स्नॅच एकेक करून मार आणि प्रत्येक वेळी पाय कुठे पडले ते बघ. आमच्याकडे एक मुलगी वर्षभर एकाच वजनावर होती. सगळे सांगायचे, खांदे कमी पडतात. रेघ ओढली तर दहापैकी आठ वेळा तिचे पाय रेघेच्या चार बोटं पुढे. बार गुडघ्यांवरून वर येताना अंगापासून सुटत होता आणि ती त्याच्यामागे धावत होती. मग सहा आठवडे तिला फक्त गुडघ्याशी दोन सेकंद थांबून स्नॅच दिले, तेही हलके. बार मांडीला चिकटून वर यायला लागला आणि पाय रेघेच्या आत राहू लागले. वजन त्यानंतर आपोआप वाढलं. तुझंही असंच असेल असं माझं मत आहे, पण रेघ मारल्याशिवाय मानू नकोस.

रोज मॅक्स मारलास तर हीच खोड रोज पक्की होईल, कारण जड वजनाखाली शरीर जुन्याच वाटेने जातं. ही पद्धत ज्याची, त्या बल्गेरियन प्रशिक्षक अबाजिएव्हचे लिफ्टर शिबिरात राहायचे, दिवसातून अनेकदा सराव करायचे, तेच त्यांचं काम होतं. शिवाय त्या यशाला डोपिंगचा डाग आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन सुवर्णविजेते सापडले आणि बल्गेरियाने अख्खा संघ मागे घेतला. कॉलेज सांभाळून संध्याकाळी दोन तास काढणाऱ्या पोराने ती नक्कल करू नये.

त्यापेक्षा सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिनचा तक्ता घे. कोणत्या टक्केवारीला एका दिवसात किती उचल्या कराव्यात, याचा तो अंदाज आहे. ७० ते ८० टक्क्यांना अठराच्या आसपास, ८० ते ९० ला पंधराच्या आसपास, ९० च्या वर चार ते दहा. तुझ्या ७५ वर बसवून सांगतो. पहिले चार आठवडे स्नॅच आठवड्यातून तीनदा, ५२ ते ६० किलो, तीन-तीनचे सहा सेट, त्यातला एक दिवस गुडघ्याशी थांबून. पाचव्यापासून नवव्यापर्यंत ६० ते ६७, दोन-दोनचे सात सेट. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात उचल्या निम्म्यावर आण, बरं वाटत असलं तरी. दहाव्या-अकराव्यात ६८ च्या वर सिंगल (सेटला एकच उचल), आठवड्यातून दोनदाच. बारावा आठवडा हलका. क्लीन अँड जर्कलाही याच टक्क्यांनी, आठवड्यातून दोनदा. स्क्वॉट दोनच दिवस, ११५ ते १२० ला तीन-तीनचे तीन सेट. एवढ्यात पाय टिकतात.

एकाच वजनावर दोन उचल्या सुटल्या की पाच किलो उतरव आणि दिवस तिथे संपव. हा नियम माझ्याकडे कुणालाच मोडता येत नाही. वहीत सुटलेल्या उचल्याही लिही, त्या महिन्यागणिक कमी झाल्या पाहिजेत.

पहिला प्रयत्न किती ठेवायचा हेही विचारलंयस. एका राज्य स्पर्धेत मी सरावातल्या मॅक्सनेच सुरुवात केली होती. तीनही स्नॅचला लाल दिवे, म्हणजे बाद, त्यामुळे टोटलच (दोन्ही प्रकारांची बेरीज) लागली नाही. ती रात्रभराची एसटी मला अजून आठवते. मीराबाई चानूवरही २०१६ मध्ये रिओत हीच वेळ आली, तिचे क्लीन अँड जर्कचे तीनही प्रयत्न हुकले. टोकियोत, ११९ चा विश्वविक्रम नावावर असताना, तिने ११० ने सुरुवात केली, मग ११५, आणि रौप्य. ११० म्हणजे ११९ चे साधारण ९२ टक्के. तुझा अकराव्या आठवड्यात ७८ गेला तर स्पर्धेत ७१ किंवा ७२ ने उघड, मग ७६, मग ७९.

वजन उतरवायच्या भानगडीत या वेळी पडू नकोस. वजनकाटा स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतो, तेवढ्यात सुकलेलं शरीर भरून येत नाही. ज्या गटात बसतोस त्यातच खेळ.

रेघेचं करून बघ आणि दहापैकी किती वेळा पुढे गेलास ते खाली लिही. बाजूने काढलेला व्हिडिओ असेल तर तोही टाक, बघून सांगतो.