बदलापूरचा फ्लॅट, स्वस्त पास आणि रविवारचं टोकन

नमस्कार दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. सध्या मुलुंड पूर्वेला 27 हजार भाडं, तुम्ही फोर्टला आणि वहिनी ठाण्याला जॉबला, दोघांचे मिळून हातात 1 लाख 3 हजार येतात, 14 लाख साठवलेत, मुलगी चार वर्षांची. बदलापूर पश्चिमेला 42 लाखांचा वन बीएचके आवडलाय आणि बिल्डरला रविवारपर्यंत 1 लाख टोकन पाहिजे. तुम्ही म्हणता लोकलचा महिन्याचा पास पाचशेच्या आत येतो, प्रवास जवळपास फुकटच, मग लांब गेलं तर बिघडलं कुठे. आणि शेवटी लिहिलंय की दादरला राहणारा सहकारी तुम्हाला म्हणाला, तुमचे पास आमच्या पैशावर चालतात. ते तुम्हाला लागलंय, म्हणून आधी त्याचंच बोलते.

सवलत आहे, हे खरंय. मध्यंतरी रेल्वेच्या तिकिटावरच छापून यायचं की प्रवासाच्या खर्चातले सरासरी 57 टक्केच रेल्वे वसूल करते. पण उरलेला खड्डा तुमचा सहकारी एकटा भरत नाही, त्यातला मोठा भाग मालगाडीच्या भाड्यातून भरला जातो, कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या भाड्यातून, आणि कोळशाचं भाडं शेवटी लाईटबिलात येतं. ते बिल लातूरच्या खेड्यातला माणूसही भरतो, त्याच्याकडे लोकल नाही, एसटीच आहे आणि तिचं भाडं 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्क्यांनी वाढलं. तक्रार करायचा हक्क कुणाला असेल तर त्याला आहे. नाहीतर मुंबईतच पाच किलोमीटरवर घरकामाला बसने जाणाऱ्या बाईला. बेस्टचं साध्या बसचं किमान तिकीट 9 मे 2025 ला 5 चं 10 झालं, रोज तिकीट काढलं तर जाऊन येऊन 20, महिन्याचे 26 दिवस धरले की 520. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, त्याच्या पासापेक्षा हे जास्त! मला हे मनापासून चुकीचं वाटतं, पण म्हणून तुमचा पास महाग करा असं मी म्हणणार नाही, तिची बस स्वस्त करा म्हणेन.

आणि बदलापूर, वांगणी, कसाऱ्याला कोणी हौसेने जात नाही हो, शहरात घर परवडत नाही म्हणून जातात. माझे बाबा 26 वर्षं डोंबिवलीहून लोकलने जायचे, पासाचं प्लॅस्टिकचं पाकीट घामाने पिवळं पडलेलं असायचं आणि शर्टाचं वरचं बटण महिन्यातून एकदा तरी तुटायचं, आई रविवारी ती बटणं लावत बसायची. 9 जून 2025 ला दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली आणि गेली. सेकंड क्लासवाला बाकीची किंमत अशी देतो. तेव्हा पास काढताना मान खाली घालायची काही गरज नाही.

आता पैशाचं. माझी काळजी वेगळी आहे, की ही सवलत तुमच्या खिशात पडणारच नाहीये. पास स्वस्त आहे हे बिल्डरला तुमच्याआधी माहितीये, स्टेशनपासून अमुक मिनिटं असं बोर्डावर लिहून त्याने ती फ्लॅटच्या भावात आधीच लावलेली असते. म्हणजे सवलत तुम्ही एकरकमी बिल्डरला देणार आणि पुढची 20 वर्षं त्यावर बँकेला व्याज भरणार.

34 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, ईएमआय साधारण 29,500. पहिल्या महिन्यात त्यातले 24 हजारांच्या वर व्याजातच जातात, मुद्दल फिटतं सव्वापाच-साडेपाच हजार. मेंटेनन्स अडीच हजार धरा, म्हणजे आत्ताच्या भाड्यापेक्षा 5 हजार जास्त. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, एका फेरीचे माणशी वीस धरले तरी दोघांचे महिन्याला 2 हजार, ते पासाच्या हिशोबात तुम्ही धरलेलेच नाहीत. मुलीला पाळणाघरात दोन तास जास्त ठेवावं लागेल, त्याचे पैसे वेगळे. आणि 14 लाखांतले 8 डाउन पेमेंटला गेले, मग स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, थोडं फर्निचर झालं की हातात दोन-अडीच लाख उरतील, दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर ते फार दिवस पुरणार नाहीत. ही गोष्ट मला पासापेक्षा जास्त खटकते.

पास वाढला तर काय, हे तुम्ही विचारलंय. जून 2014 मध्ये असं झालं होतं, महिन्याचा पास 15 ऐवजी 30 फेऱ्यांच्या हिशोबाने लावायचं ठरलं, मुंबईत गदारोळ झाला, विधानसभा तोंडावर होती आणि काही दिवसांत ते मागे घेतलं. जुलै 2025 च्या भाडेवाढीतही लोकल आणि पास वगळले. पास उद्या तिप्पट झाला तरी तुमचे दोघांचे मिळून फार तर दोन हजार वाढतील, तेवढं झेपेल तुम्हाला. पण पाठ दुखायला लागली की माणूस एसीचा पास बघतो, तो कल्याणहूनच महिन्याला दोन हजारांच्या वर जातो आणि बदलापूर त्याच्याही पुढे. म्हणून बजेट करताना दोन एसी पास धरूनच करा, तेव्हाही जमत असेल तरच तो फ्लॅट तुम्हाला परवडतो.

माझं मत सांगते, रविवारी टोकन देऊ नका. आधी त्याच भागात 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहायला जा, तिथे भाडं मुलुंडपेक्षा बरंच कमी पडेल आणि उरलेले पैसे दर महिन्याला आरडीत टाका. एक पावसाळा त्यात आलाच पाहिजे, गाड्या रखडल्यावर वहिनींना घरी यायला किती वाजतात आणि मुलगी तोपर्यंत कोणाकडे असते हे वहीत लिहून ठेवा. वहिनींना पण नीट विचारा, तुमच्या मेलमध्ये त्यांचं मत कुठेच दिसलं नाही मला. सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला पडला आणि तेव्हाही दोघांना तिथेच राहावंसं वाटलं तर बिनधास्त घ्या, फक्त प्रोजेक्टचा महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर तपासा आणि रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटच्या आधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपयाही देऊ नका. बिल्डर म्हणेल हा भाव पुन्हा मिळणार नाही. बदलापूरला नवीन बिल्डिंगा अजून उभ्या राहतायत, त्याला म्हणावं वहिनींशी बोलून कळवतो.