घरच्या सोलरची आरईसी विकून पैसे मिळतात का? आधी एजंटला पैसे देऊ नका

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांच्या तारांत, म्हणजे ग्रिडला, दिलेली वीज मोजणारा) लागलाय, आणि एक एजंट म्हणतोय, ८ हजार भरून नोंदणी करा, मग 'आरईसी' विकून दर वर्षी उत्पन्न मिळेल. भरावेत का?

नका भरू. मी फुलेवाडीत राहतो, माझ्याही घरावर तेवढंच सोलर आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच बोलण्यावर विश्वास ठेवून मी एकाला ५ हजार दिले. पावती मिळाली, सर्टिफिकेट काही आलं नाही, आणि महिन्याभरात त्याचा फोन लागायचा बंद झाला. तुमचे पैसे तसे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

आरईसी म्हणजे अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र. वीज कायदा २००३ प्रमाणे वीज वितरण कंपन्यांना आणि काही मोठ्या ग्राहकांना ठरावीक टक्के वीज सूर्य, वारा, बगॅस अशा स्रोतांतून घ्यावीच लागते. ज्यांची तेवढी भरत नाही, ते दुसऱ्याने तयार केलेल्या हरित विजेचं प्रमाणपत्र विकत घेतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने यासाठी २०१० मध्ये नियम केले आणि मार्च २०११ पासून पॉवर एक्स्चेंजवर (विजेच्या बाजारात) त्याचे सौदे होतात. एक प्रमाणपत्र म्हणजे १००० युनिट. आधी राज्याच्या संस्थेकडून, म्हणजे आपल्याकडे महाऊर्जाकडून, मान्यता घ्यायची, मग केंद्रीय नोंदणी, मग दर वेळी मोजलेल्या युनिटांचा हिशेब द्यायचा. ही सगळी मांडणी मोठ्या प्रकल्पांसाठी आहे.

घरगुती सोलरचं अडतं ते नेट मीटरिंगपाशी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमांनुसार, तुमच्या-माझ्यासारख्या घरगुती ग्राहकाच्या छतावर तयार झालेली वीज महावितरणच्या अक्षय ऊर्जेच्या बंधनात मोजली जाते. म्हणजे त्या विजेचं हरितपण आधीच महावितरणच्या खात्यात जमा झालेलं असतं. तीच वीज दाखवून पुन्हा प्रमाणपत्र विकायचं म्हणजे एकाच फडातल्या उसाची नोंद दोन कारखान्यांत करण्यासारखं आहे. आपल्याकडे हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि समजा, उद्या परवानगी मिळालीच, तरी आकडा बघा. ३ किलोवॅटवर दिवसाला सरासरी १२ युनिट धरले तर वर्षाला साधारण ४३८०, म्हणजे चार प्रमाणपत्रं. एकेकाळी सोलर प्रमाणपत्राला किमान ९३०० रुपये दर बांधलेला होता, एजंट लोक अजून तेच आकडे दाखवतात. २०२२ च्या नवीन नियमांनी किमान आणि कमाल दोन्ही दर काढून टाकले आणि अलीकडे भाव काही शे रुपयांवर आलाय. ३५० धरला तरी युनिटमागे ३५ पैसे, वर्षाला १४०० रुपये. त्यासाठी ८ हजार?

मग ही कल्पना येते कुठून? माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, त्याच्या घराला खरंच असं उत्पन्न मिळतं. तिथे राज्याच्या योजनेत घरच्या सोलरच्या दर १००० युनिटांमागे ठरलेली रक्कम १५ वर्षं मिळते. तिथले व्हिडिओ बघून इथे कुणीतरी दुकान मांडतं.

आपली कमाई वीजबिलात आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे गेलं की एक युनिट दहा रुपयांच्या वर पडतं. ३५ पैसे कुठं आणि दहा रुपये कुठं! म्हणून जिथे युनिट वाया जातात तिथे लक्ष द्या. माझ्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराची काळी राख पॅनेलवर बसते. मी महिनाभर चढलोच नाही, तेव्हा इन्व्हर्टरवरचा रोजचा आकडा घसरलेला दिसला. तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी सकाळी लवकर, काच तापायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. जूननंतर पाऊसच धुऊन काढतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती निम्म्यावरही येऊ शकते. त्याला घाबरू नका, एप्रिल-मेमध्ये ग्रिडला दिलेले जास्तीचे युनिट तेव्हा कामी येतात.

बिलावर आयात, निर्यात आणि शिल्लक युनिट लिहिलेले असतात, ते दर महिन्याला मीटरच्या रीडिंगशी ताडून बघा. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो आणि उरलेले युनिट महावितरण आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. हा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. थंडीत पंखे बंद असल्याने शिल्लक साठते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गॅसऐवजी इंडक्शनच जास्त चालते. वर्षाअखेरीस शेकड्याने युनिट उरत असतील तर नवीन पॅनेल जोडायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

एजंटला वीजबिलाची किंवा आधारची झेरॉक्स दिली असेल तर आजच परत मागा. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मी तेव्हा लाजेखातर गप्प बसलो होतो, तसं करू नका.