लून प्लेटचे ३० डॉलर नेमके कुठे जातात?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नवी गाडी घेताना साध्या नंबरप्लेटऐवजी लून पक्ष्याचं चित्र असलेली प्लेट घ्यावी का, तिचे वर्षाचे ३० डॉलर कुणाला मिळतात, त्यात मासेमारीचा परवाना वगैरे येतो का, आणि घरात सगळे शाकाहारी असताना आपले पैसे शिकारीला लागणार असतील तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या लेखी खरा प्रश्न शेवटचा आहे. पण पैशाचा मार्ग कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून आधी तो सांगते.

लून, हरीण, फेजंट आणि चिकडी हे पक्षी, मासेमारी, लेडीज स्लिपरचं फूल अशी चित्रं वेगवेगळी असली, तरी या सगळ्या 'क्रिटिकल हॅबिटॅट', म्हणजे वन्यजीवांच्या महत्त्वाच्या अधिवासासाठीच्या, प्लेटा आहेत आणि सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात जमा होतात. फुलाची प्लेट घेतली तर पैसे फुलांना आणि हरणाची घेतली तर शिकाऱ्यांना, असा हिशोब नाही. चित्र आवडीप्रमाणे निवडा. ३० डॉलर ही किमान वर्गणी आहे. ती गाडीच्या करावर वेगळी भरायची असते, आणि एकदाच नाही, दरवर्षी टॅबचं, म्हणजे प्लेटवरच्या नोंदणीच्या स्टिकरचं, नूतनीकरण करताना.

खातं आहे 'रीइन्व्हेस्ट इन मिनेसोटा' या योजनेचं, १९८६ सालापासूनचं. त्याची रीत मला फार आवडते. सरकार हे पैसे नुसते खर्च करत नाही, लोकांच्या दानाला जोड म्हणून देतं. समजा एखाद्या शेतकरी कुटुंबाने आपली पाणथळ जमीन राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला, म्हणजे डीएनआरला, दान दिली. तिच्या किमतीइतकी रक्कम या खात्यातून मोकळी होते आणि त्यातून अधिवासासाठी आणखी जमीन घेता येते किंवा आहे ती सुधारता येते. रोख देणगीलाही तसंच, डॉलरला डॉलर. 'फेजंट्स फॉरेव्हर'सारख्या संस्था (१९८२ साली इथेच, सेंट पॉलमध्ये सुरू झालेली) अशा कामाला देणग्या उभ्या करतात. म्हणजे तुमच्या ३० डॉलरच्या बाजूला दुसऱ्या कुणाचे ३० उभे असतात.

जमिनीवर एवढा भर का, ते राज्याच्या पश्चिम भागातून गाडीने गेलात की कळेल. मैलोनमैल मका आणि सोयाबीन. तिथे एके काळी गवताळ प्रेअरी होती. राज्यात मिळून जवळजवळ १ कोटी ८० लाख एकर. आज तिच्यातली एक टक्क्याच्या थोडी वर उरली आहे. चर खणून पाणथळी कोरड्या केल्या आणि बदकांची घरटी गेली. १९५१ साली 'पाणथळी वाचवा' म्हणत राज्याने अशा जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांना वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया म्हणतात. आज असे १,५०० हून जास्त तुकडे आहेत, सुमारे १३ लाख एकर. प्लेटच्या पैशातून घेतलेली बरीचशी जमीन यांत सामील होते.

आणि हो, या जमिनींवर शिकार चालते. हे मी गोल गोल करून सांगणार नाही. आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशातून आलो. शिकार म्हणजे गुन्हा, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथे उलट, वन्यजीवांसाठीच्या पैशाचा मोठा वाटा शिकारी आणि मासेमारच देतात. परवान्याची फी आहेच, शिवाय बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने, मासेमारीच्या सामानावर १९५० च्या कायद्याने केंद्राचा कर बसतो आणि तो राज्यांना याच कामासाठी परत मिळतो. शिकार न करणाऱ्यांना वाटा उचलण्याचे मार्ग कमी आहेत आणि ही प्लेट त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे. शिवाय ती जमीन शिकाऱ्यांइतकीच तुमचीही. मे महिन्यात दुर्बीण घेऊन जा, पाणपक्षी बघा, कुणी अडवणार नाही. फक्त स्टेट पार्कची अपेक्षा ठेवू नका: खडी टाकलेली चार गाड्यांची जागा आणि पुढे नुसतं गवत. ना पायवाट, ना स्वच्छतागृह. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. तेव्हा जाऊच नका, गेलात तर भडक नारिंगी जाकीट घाला, मुलांनाही.

एवढं ऐकूनही मन घेत नसेल तर स्टेट पार्क्स अँड ट्रेल्सची प्लेट घ्या. तिची वर्षाची वर्गणी लून प्लेटपेक्षा जास्त आहे, पण सगळ्या स्टेट पार्कांत त्या गाडीला प्रवेश मिळतो. लून प्लेटवर तो मिळत नाही; नवे लोक इथेच गोंधळतात. अर्थात काही पार्कांतही शरद ऋतूत हरणांची संख्या आवरायला मर्यादित शिकार होते, तेव्हा शिकारीपासून पूर्ण दूर असा पर्याय हाही नाही.

मासेमारीच्या परवान्याचं म्हणाल तर कुठल्याच प्लेटवर तो मिळत नाही. पण १६ वर्षांखालच्या रहिवासी मुलांना तो लागतच नाही, आणि मिनेसोटाच्या रहिवाशांना बहुतेक स्टेट पार्कांत परवान्याशिवाय गळ टाकता येतो. तुम्ही नुकतेच आलात म्हणून सांगते, रहिवासी ठरायला इथे ६० दिवस पूर्ण व्हावे लागतात.

डीलर तुम्हाला काळी ब्लॅकआउट प्लेटही दाखवेल. जानेवारी २०२४ पासून निघाली आणि जिकडे तिकडे दिसते. तिचेही वर्षाला ३० डॉलरच, पण ते वाहन विभागाच्या खात्यात जातात. आपल्याकडे आरटीओत चॉइस नंबरचे पैसे सरकारी तिजोरीत जातात, तसंच. त्याच पैशात पाणथळ वाचत असताना ती प्लेट घेणं माझ्या मनाला पटत नाही.

एक विनंती मात्र आहे. मुलाला मासेमारी शिकवणार असाल तर गळाला शिशाची वजनं लावू नका. लून अन्न दळायला तळ्याच्या तळाचे खडे गिळतो, त्यात तुटून पडलेलं शिसं पोटात जातं, आणि एवढंसं एक वजनही त्याला मारायला पुरतं. कथलाची किंवा टंगस्टनची वजनं दुकानात मिळतात, थोडी महाग पडतात. लून प्लेट लावलेल्या गाडीच्या डिकीत शिशाची डबी असू नये, असं मला फार वाटतं.

गाडीची कागदपत्रं गेली असतील तरी घाई नाही. साधी प्लेट लागली तरी नंतर कधीही नोंदणी कार्यालयात जाऊन बदलून घेता येते. प्लेटची फी आणि पहिल्या वर्षाची वर्गणी तेव्हा भरायची.