बहिणीला लग्नात द्यायला दागिन्यांची लाकडी पेटी घरी करता येईल का? हाताशी १५ दिवस आहेत.

येईल, पण लाकूड आजच आणा. जुन्या बाजारात मोडलेल्या दाराखिडक्यांचं सागवान मिळतं, ते नव्यापेक्षा बरं, कारण चांगलं वाळलेलं असतं. खिळे मात्र आधी शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच समजा. १० ते १२ मिलीमीटर जाडीच्या फळ्या पुरतात.

नवशिक्यांची पेटी बहुतेक वेळा तळाशी बिघडते. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तळाची फळी चारी बाजूंनी चिकटवून टाकली की ती तरी तडकते, नाहीतर सांधे उघडते. म्हणून बाजूच्या फळ्यांना आतून खाच पाडा, तळ त्यात नुसता बसवा, डिंक लावू नका. मी पहिल्या पेटीला सढळ हाताने फेव्हिकॉल थापला होता; जुलैत एक कोपरा उघडा!

सागवान तेलकट असतं, तेव्हा चिकटवण्याआधी सांधा थिनरने पुसा. शिकंजा (फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प) आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे.

पितळी स्क्रू नाजूक, मुंडी पटकन तुटते. आधी बारीक भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी बसवा.

आतून जवसाचं तेल अजिबात नको, बंद पेटीत वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो. चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन पातळ हात द्या. बाहेरून काय लावायचं ते तुमच्या आवडीवर.