रेस्टिंग पल्स दहा वर्षांत ७२ वरून ८४ झाली, म्हणजे आयुष्य कमी झालं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, दहा वर्षांपूर्वीच्या चेकअपमध्ये रेस्टिंग पल्स (बसल्याजागी मिनिटाला पडणारे ठोके) ७२ होती, आता हातावरचं घड्याळ रोज ८४ दाखवतं, आणि पल्स जास्त असलेली माणसं लवकर जातात असं कुठंतरी वाचनात आलं.

मी तालुक्याच्या गावात फॅमिली डॉक्टर आहे. केस पेपरवर नुसते ८४ दिसले असते, तर ‘नॉर्मल’ लिहून पुढच्या पेशंटला आत बोलावलं असतं. ६० ते १०० आम्ही नॉर्मलच धरतो. शेजारी जुने ७२ दिसल्यावर मात्र हात थांबला असता.

तुमच्यासारखाच प्रश्न नॉर्वेत तपासला गेलाय. हृदयविकार नसलेल्या २९,३२५ लोकांची पल्स साधारण दहा वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली आणि पुढं सरासरी १२ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निष्कर्ष २०११ साली छापून आले. दोन्ही वेळा ७० च्या आत राहिलेल्यांच्या तुलनेत, ७० च्या आतून ८५ च्या वर गेलेल्यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. आता हे ‘दुप्पट’ उलगडून बघा: वर्षाला दर १०,००० माणसांमागे ८ च्या जागी १७. दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पण झोप उडवण्यासारखंही नाही. शिवाय तुम्ही त्या गटात नीटसे बसतही नाही.

मग गोळीनं पल्स खाली आणली तर? तेही करून झालंय. आयव्हाब्रॅडिन नावाचं औषध फक्त ठोके कमी करतं. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडलेल्या पेशंटना त्याचा फायदा होतो. पण हार्ट फेल्युअर नसलेल्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १९ हजारांवर लोकांना ते देऊन पाहिलं, तेव्हा पल्स मस्त उतरली आणि हार्ट अटॅक व मृत्यू होते तेवढेच राहिले. वाढलेली पल्स बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी चहाडी करत असते. तो दुसरा कोण, ते शोधायचं.

गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या, कॅरीबॅगेत गुंडाळलेली जुनी फाईल घेऊन. (अशा फायली जपणाऱ्या पेशंटवर माझा फार जीव.) फाईलमध्ये ७६, त्या दिवशी ९२. तक्रार काय, तर “जिना चढताना दम लागतो, वय झालं आता.” वय ४३! डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन ७.८. पाळीत अंगावरून फार जात होतं, ते त्या कुणाला बोलल्याच नव्हत्या. त्यावर इलाज झाला, लोहाच्या गोळ्या झाल्या, चार महिन्यांनी पल्स ७८. पल्ससाठी एकही गोळी दिली नव्हती. थायरॉइड, तंबाखू, अपुरी झोप, वाढलेलं वजन, बंद पडलेलं चालणं, दम्याचा पंप, हे बाकीचे नेहमीचे संशयित.

“ठोके मोजून दिलेत, पळून कशाला संपवायचे?” असं एक काका मला दर वेळी ऐकवतात. हिशोबच करू. तासभर भरभर चाललात आणि पल्स ७० ची ११० झाली, तर २,४०० ठोके जादा. पण काही महिन्यांच्या चालण्यानं बसल्याजागची पल्स सहानं उतरली, तर उरलेल्या २३ तासांत ८,२८० वाचले.

आधी मोजणी नीट करा, कारण चेकअपचे ७२ आणि घड्याळाचे ८४ या दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत. सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी, पडल्यापडल्या. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण ६० सेकंद, सलग सात दिवस. ठोके मध्येच चुकत असतील, किंवा चक्कर, छातीत दुखणं, बसल्याबसल्या धाप असेल, तर सात दिवस थांबू नका. तसं काही नसेल, तर ते सात आकडे आणि जुना रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही न्या. काही गोळ्या पल्स उतरवतात, काही चढवतात.